चिलखताचा अपराध कोणता?

“तुमचा तो लोखंडी माणूस सगळ्या खेळाचा विचका करतो. त्याला थोडा खाली आणा.” पुण्याच्या एका जाणत्या खेळाडूने मला हा सल्ला दिला, त्याला आता वर्ष होत आले. सल्ला देणारा माझा मित्र आहे, वाचलेला आहे, आणि ह्या खेळात माझ्यापेक्षा कितीतरी अधिक मुरलेला आहे. मी त्याचे ऐकले आणि तसाच वागलो. त्या शनिवारची आठवण झाली की मला अजून लाज वाटते. म्हणून हा लेख. मित्राने तो अंगावर घेतला तरी माझी हरकत नाही. त्याच्यासाठीच तो लिहिला आहे असे म्हणा ना.

आधी खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. मेजाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी तिरंदाज, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी योद्धा. सूत्रधार सांगतो, पुढे पडका वाडा आहे आणि आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. आपले पात्र काय करणार ते प्रत्येकाने बोलून सांगायचे, आणि जिथे नुसत्या बोलण्याने निकाल लागत नाही तिथे फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या नावाने ह्या खेळाची पहिली पुस्तके काढली. त्याआधी १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन ह्यांनी छोट्या बाहुल्यांच्या सैन्याने मेजावर लढाया खेळण्याचे एक नियमपुस्तक लिहिले होते. त्यातूनच पुढे हा खेळ निघाला. त्या पुस्तकाचे नाव होते ‘चेनमेल’, म्हणजे आपल्या भाषेत कड्यांचे चिलखत. ज्या घराण्याच्या मूळपुरुषाचेच नाव चिलखत, त्या घरात आज चिलखत घालून येणाऱ्याला उंबऱ्यावर थोपवून त्याची झडती घेतली जाते, हा विनोद मला फार उशिरा कळला.

आमच्या राहात्यात हा खेळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणला. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीला तो पेढ्यांऐवजी नियमांचे एक जाड पुस्तक आणि चित्रविचित्र फाशांची पिशवी घेऊन घरी आला. पुस्तक इंग्रजीत. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दोन महिने वाचले आणि मग शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर चार मुलांना घेऊन बसू लागलो. नगर-मनमाड रस्त्यावरून ट्रक धडधडत जात असतात, खिडकीची तावदाने थरथरतात, आणि आत आमचा पडका वाडा उभा राहतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ह्याहून चांगली शाळा नाही. कादंबरीतली पात्रे निमूटपणे ऐकतात. इथली ऐकत नाहीत.

चौघांपैकी एकाने योद्धा घेतला. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, प्रश्न विचारला की उभा राहून जमिनीकडे पाहणारा मुलगा. सुटीच्या दिवशी पेरूच्या बागेत पाट्या वाहतो. त्याने पहिल्याच दिवशी विचारले, “सर, सगळ्यात भारी चिलखत कितीला मिळतं?” मी पुस्तकात पाहून सांगितले, दीड हजार मोहरा. त्याने वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहून घेतला. जूनमध्ये खेळ सुरू झाला होता. बाकीच्यांनी मिळालेल्या मोहरांतून घोडे घेतले, जखमेवरची औषधे घेतली, एकाने तर नुसता रुबाब म्हणून रेशमी पागोटे घेतले. ह्याने काही म्हणता काही घेतले नाही. साध्या कड्यांच्या चिलखतात तो पाच महिने मार खात राहिला आणि दिवाळीच्या सुटीत दीड हजार मोहरा मोजून त्याने पत्र्याचे पूर्ण चिलखत विकत घेतले. त्या दिवशी तो मेजाशी जरा ताठ बसला होता, असे मला आता आठवते.

चिलखताचा हिशेब असा. प्रत्येक पात्राला एक संरक्षणांक असतो. शत्रूच्या वतीने सूत्रधाराने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात शत्रूचे कौशल्य मिळवायचे. बेरीज संरक्षणांकाइतकी किंवा जास्त आली की वार लागला. (पहिल्या पुस्तकांत हे आकडे उलटे होते, उघड्या अंगाला ९, पूर्ण चिलखत आणि ढाल ह्यांना २. कमी आकडा तेवढा भक्कम. २००० सालच्या आवृत्तीत ते सुलटे केले, हे बरे केले.) २०१४ च्या नियमांप्रमाणे पत्र्याच्या चिलखताचा अंक १८, वर ढाल घेतली की २०. आमच्या तिरंदाज मुलीच्या अंगावर चामड्याचा अंगरखा. तिचा अंक १२. पुस्तकात गॉब्लिन नावाचे एक खुजे पिशाच्च आहे, आम्ही त्याला खवीस म्हणतो. त्याचे कौशल्य ४. तेव्हा मुलीला वार लागायला फाशावर ८ पडले तरी पुरे. वीसपैकी १३ बाजू तिच्या विरुद्ध. चिलखतवाल्याला वार लागायला १६ पडले पाहिजेत. वीसपैकी ५ बाजू.

झाले! खवीस येत, ह्याच्या अंगावर आपटत, आणि दात पाडून घेऊन परत जात. मला ते खुपू लागले. मी सूत्रधार, मी उभे केलेले संकट, आणि हा मुलगा त्यातून लग्नाच्या वरातीतून जावे तसा जातो! मी पुण्याला मित्राकडे रडगाणे गायले तेव्हा वरचा सल्ला आला, आणि पुढे उपायही आला : “शत्रूंचे कौशल्य पाचने वाढव. पडद्याआड काय आकडा आहे ते कोण बघतो?”

मी पेन्सिलीने चाराचे नऊ केले.

आता हाच हिशेब पुन्हा करून पाहा. चिलखतवाल्याला वार लागायला ११ पुरे, म्हणजे वीसपैकी १० बाजू. त्याचा धोका दुप्पट झाला, माझा हेतू साधला. परंतु खवीस काही त्याच्या एकट्याच्याच अंगावर जात नाहीत. तिरंदाज मुलीला वार लागायला आता नुसते ३ पुरत होते. वीसपैकी १८ बाजू! ज्याला आवळायचे त्याला आवळता आवळता जी आधीच उघडी होती तिची मी पार दैना केली. त्या एका दुपारी ती दोनदा कोसळली. शेजारचे श्रीमंत झाले म्हणून गावभर कर वाढवावा आणि गरिबांनी घरे विकावी, त्यातलाच हा प्रकार. तोल साधण्याच्या नावाखाली हे चालते, आणि बहुतेक मेजांवर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या मेजावर आले. फासा मी सर्वांसमोर टाकतो. मुलगा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी टिपत होता. तो मान वर न करता म्हणाला, “सर, मागच्या शनिवारी फाशावर पंधरा पडले तेव्हा मला लागलं नव्हतं. आज अकरा पडले आणि लागलं. खवीस तेच आहेत ना?”

मी म्हणालो, “हे जरा मोठे आहेत.”

त्याने ते मान्य केले. म्हणजे वाद घातला नाही. जिथे दीड हजार मोहरा खर्ची टाकल्या होत्या त्या ओळीवर त्याने एक आडवी रेघ मारली, वही दप्तरात ठेवली, आणि पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विचारले तेव्हा म्हणाला, बागेत काम आहे. बागेत काम होतेच. ते आधीही होते.

माझ्या मित्राच्या पक्षाचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते अगदीच वेडगळ नाही. चौघांच्या खेळात एकाला काहीच लागत नसेल तर बाकीच्या तिघांची छाती धडधडते आणि तो जांभया देतो. संकटाला अर्थ उरत नाही. सूत्रधाराने त्याला लागेल असे काही आणले तर ते बाकीच्यांना चिरडून टाकते. म्हणून एकतर चिलखताचा अंक छाटावा, नाहीतर शत्रूचा वाढवावा, नाहीतर चिलखत इतके महाग करावे की कोणी घेऊच नये. मित्र ह्याला ‘तोल’ म्हणतो. शब्द छान आहे, आणि बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला तो कळतो. पण बाजारात गुळाची ढेप विकून पैसे घेतल्यावर दुकानदार तराजू बदलू लागला तर आपण त्याला तोल साधणारा म्हणत नाही. जे म्हणतो ते दिवाळी अंकात छापता येत नाही. दीड हजार मोहरा घेताना मी त्या मुलाला शब्द दिला होता की आता तुला खवीस सहजी लागणार नाहीत. पाच महिने मार खाऊन त्याने तो शब्द विकत घेतला. आणि मी पेन्सिलीच्या एका फराट्याने तो परत घेतला, तोही त्याला न सांगता. शकुनीने फाशांत काय केले असे महाभारत वाचताना मुले विचारतात. मी त्यांना समजावून सांगत आलो आहे!

महाभारताचे नाव निघालेच आहे, तर माझ्या मित्राला मी दोन चिलखतांची आठवण करून देतो. दोन्ही अभेद्य. त्यांचे काय करायचे हा प्रश्न व्यासांपुढेही होता, आणि त्यांनी शत्रूचे बाण गुपचूप वाढवले नाहीत.

पहिले कर्णाचे. ते अंगाबरोबर जन्मलेले. ते असेपर्यंत कर्ण मरत नाही. इंद्राला आपल्या मुलाची, अर्जुनाची, काळजी. तो देवांचा राजा; मनात आणले असते तर आकडा खोडायला त्याला कोण अडवणार होते? पण त्याला ब्राह्मणाचे सोंग घेऊन दारात भीक मागायला यावे लागले. सूर्याने कर्णाला आधी स्वप्नात येऊन सावध केले होते, म्हणजे सौद्याची कल्पना देणाऱ्याला होती. आणि कवचकुंडले नेताना इंद्राला बदल्यात शक्ती ठेवून जावे लागले. ती शक्ती पुढे चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडली आणि युद्धाचा रंग पालटला. एक चिलखत काढून घ्यायचे तर केवढी किंमत मोजावी लागते पाहा. मागणाऱ्याची अब्रू, देणाऱ्याची संमती, आणि बदल्यात तितक्याच तोलामोलाची वस्तू. ह्यातले एकही माझ्या पेन्सिलीत नव्हते.

दुसरे चिलखत लोकांना कमी आठवते, आणि मला वाटते आमच्या खेळाच्या प्रत्येक सूत्रधाराने तेवढे द्रोणपर्व तरी वाचावे. तोच चौदावा दिवस. अर्जुन जयद्रथाकडे मुसंडी मारीत निघाला आहे. दुर्योधन द्रोणाचार्यांकडे कुरकुर करतो. आचार्य त्याच्या अंगावर मंत्रून एक सोन्याचे कवच बांधतात आणि म्हणतात, आता तूच जा. अर्जुनाचे बाण त्यावर आपटून खाली पडू लागतात. प्रत्यक्ष कृष्ण चकित होतो, की गांडीवाला झाले काय? अर्जुन शांतपणे सांगतो की ही आचार्यांची विद्या आहे, ती मलाही ठाऊक आहे. ह्याने ते कवच नुसते अंगावर वागवले आहे, ते घालून लढायचे कसे हे ह्याला कळत नाही. अर्जुन एक अस्त्र जोडतो. अश्वत्थामा दुरूनच ते तोडतो. मग काय करतो अर्जुन? कवचाचा नाद सोडून देतो. घोडे मारतो, धनुष्य तोडतो, बोटांवरचे चामड्याचे रक्षक कापतो, रथ मोडतो, आणि जिथे कवच पोहोचत नाही त्या तळहातांत आणि नखांच्या मांसात बाण मारतो. दुर्योधन विव्हळू लागतो. कवच शेवटपर्यंत अभेद्यच राहते. आचार्यांचा शब्द खोटा पडत नाही, आणि अर्जुनही हरत नाही.

ह्याच द्रोणांनी आदल्या दिवशी अभिमन्यूविषयी कौरवांना हेच सांगितले होते. त्याचे कवच भेदता येणार नाही, तेव्हा धनुष्य तोडा, घोडे मारा, सारथी मारा. अभिमन्यूचे पुढे जे केले तो अधर्म होता, हे मी वकिली करून झाकीत नाही. पण अधर्म सहा जणांनी मिळून एकाला मारण्यात होता. चिलखत जिथे आहे तिथे त्याचा मान राखावा आणि जिथे नाही तिथे लढावे, हे युद्धाचे साधे ज्ञान आहे.

आता मी दुसऱ्या बाजूवर घसरणार आहे, कारण ह्या बाबतीत चिलखताचे कैवारीही धुतल्या तांदळासारखे नाहीत. मी स्वतः त्यांच्यातला जुना पापी. माझ्या पहिल्या कादंबरीतला नायक जिरेबख्तर घालून भर पावसाळ्यात पुणतांब्याला गोदावरीत उडी टाकतो आणि तलवार दातांत धरून पलीकडे निघतो. ते प्रकरण लिहिताना मी स्वतःवर फार खूश होतो. कादंबरी निघाल्यावर नदीकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे पोस्टकार्ड आले. त्यात एवढेच होते की, आपण गोदावरी पाहिली आहे काय, आणि लोखंड पाहिले आहे काय. मी ते कार्ड अजून जपून ठेवले आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतली निम्मी चिलखते मलमलीची असतात. नायक त्यांत झोपतो, प्रेम करतो, झाडावर चढतो, आणि घाम त्याला फक्त नायिकेच्या आठवणीने येतो.

उलट टोकही खोटेच आहे. चिलखती योद्धा पडला की त्याला उठता येत नसे, घोड्यावर दोरांनी चढवावे लागे, असल्या गोष्टी लोक चवीने सांगतात. युरोपातल्या लढाईच्या पूर्ण पत्री चिलखताचे वजन साधारण २० ते २५ किलो भरे, ते सगळ्या अंगावर वाटलेले असे, आणि सराव झालेला माणूस त्यात पळू शके, घोड्यावर चढू शके. आपल्याकडचे बख्तर त्याहून मोकळे. कड्यांची बंडी, फार तर वर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना बांधायचे चार पत्रे, ज्यांना चार-आईना म्हणत. चिलखत ही बेडी नव्हे आणि मलमलही नव्हे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली शिवाजीमहाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्याला आतून लोखंडी टोप घातला होता. खानाचा वार चिलखतावरून खरडत गेला. त्याने त्या दिवशी तेवढेच केले, एक वार झेलला. पुढचे सगळे हातांना आणि डोक्याला करावे लागले. आणि १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची भारी फौज अरुंद वाटेत अडकली तेव्हा महाराजांनी त्या फौजेच्या लोखंडाशी टक्कर घेतली नाही. डोंगर, रान आणि ती चिंचोळी वाट ह्यांनाच लढू दिले. खानाला सामान टाकून, खंडणी देऊन सुटावे लागले.

असे डोंगर आणि अशा नद्या आमच्या खेळाच्या पुस्तकात आहेत काय? होत्या. २००३ च्या आवृत्तीत पोहताना चिलखताचा दंड दुप्पट धरावा असा नियम होता. जड चिलखतात झोपणारा दुसऱ्या दिवशी थकलेला उठे. २०१४ साली नियम सोपे करताना ही नदी मुख्य पुस्तकातून वाहून गेली; झोपेचा नियम २०१७ च्या एका पुरवणी पुस्तकात परतला, तोही वाटल्यास पाळा म्हणून. जे उरले आहे ते कोणी वाचत नाही. चिलखत घालून चोरपावलांनी जाणाऱ्याने फासा दोनदा टाकून वाईट तो धरायचा. पत्र्याचे चिलखत चढवायला दहा मिनिटे, उतरवायला पाच. मदतीला कोणी असेल तर उतरवायला त्याच्या निम्मी. पाच मिनिटे म्हणजे फार नाही असे वाटते, पण लढाईची एक फेरी सहा सेकंदांची, तेव्हा ह्या पन्नास फेऱ्या झाल्या. आमची लांबलेली लढाईसुद्धा दहा फेऱ्यांत आटपते. आणि उन्हाचा एक नियम आहे तो तर जणू आमच्या तालुक्यासाठीच लिहिला आहे. शंभर अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअसच्या वर, प्यायला पाणी नसेल तर दर तासाला शरीराची परीक्षा, आणि चिलखतवाल्याची ती अधिक कठीण. वैशाखात राहात्याला पारा चाळिशी गाठतो. मी हे पान तीनदा वाचले. इतके दिवस मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, आणि ऊन खिडकीबाहेर होते!

शाळेची सहल नगरला रणगाड्यांच्या संग्रहालयात नेली तेव्हा हा विचार पक्का झाला. १९९४ साली सुरू झालेले ते संग्रहालय आमच्या जिल्ह्यात आहे ह्याचा आम्हांला पुरेसा अभिमान नाही. झाडांखाली ओळीने रणगाडे उभे आहेत. प्रत्येकाच्या अंगावर तोच झगडा लिहिलेला दिसतो. पोलाद जाड करावे तर चाल मंदावते, तोफ मोठी करावी तर वजन वाढते, आणि चाल राखावी तर पोलाद पातळ करावे लागते. इंग्रजांचा मॅटिल्डा पाहा. अंगाने भक्कम, चालीने बैलगाडी, आणि तोफ मुलांनासुद्धा लहान वाटली. तिथेच पॅटनही आहे. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरला पाकिस्तानच्या ह्या पॅटनांची काय गत झाली ते मी मुलांना सांगितले. सुमारे ४५ टनांचा रणगाडा. त्याचे पोलाद काही आपल्या लोकांनी पेन्सिलीने पातळ केले नाही. शेतांत पाणी सोडले होते. उसाच्या चिखलात पॅटन रुतले, आणि जीपवरच्या तोफेने अब्दुल हमीद ह्यांनी त्यांना एकामागून एक टिपले. जीपला चिलखत कसले? हमीद ह्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आमच्या मुलांना भिजवलेल्या उसाच्या शेतात पाय किती रुततो हे समजावून सांगावे लागले नाही.

चिलखतवाला मुलगा सहलीला होता. पॅटनसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्याशेजारी गेलो आणि सांगितले की ते खवीस मोठे नव्हते, तेच होते; मी आकडा बदलला होता. तो म्हणाला, “माहीत आहे.” पुढे दोघांनाही काही सुचले नाही. मग मी म्हणालो, “शनिवारी ये. चार परत चार केले आहेत, वही तूच बघ.”

मित्राचा आता आक्षेप येईल तो मला दिसतो आहे. तो म्हणेल, गुरुजी, तुम्ही आकड्याऐवजी नदी आणलीत आणि पेन्सिलीऐवजी ऊन. छळायचे ते छळायचेच! ह्याला माझे उत्तर असे की, नदी सर्वांना दिसते. वर्गाच्या भिंतीवर मी एक पुठ्ठा लावला आहे. पाणी, ऊन, झोप, आवाज, चढवण्या-उतरवण्याचा वेळ, सगळे त्यावर मोठ्या अक्षरांत. चिलखत घेण्याआधी कोणीही ते वाचावे. मोहरा परत हव्या असतील तर मिळतील असेही मी त्याला सर्वांसमोर सांगितले. त्याने पुठ्ठा दोनदा वाचला आणि चिलखत ठेवले. दुसरे असे की, प्रत्येक शनिवारी नदी आणणारा सूत्रधार आणि प्रत्येक खविसाला नऊ देणारा सूत्रधार ह्यांत मला फरक दिसत नाही. चिलखताने आपले काम करावे अशी दुपार आली पाहिजे, वरचेवर आली पाहिजे.

तशी ती पहिल्याच शनिवारी आली. पडक्या वाड्याचा दिंडी दरवाजा, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. आत तिघे मांत्रिकाची पोथी शोधताहेत, बाहेर नऊ खवीस. हा मुलगा दरवाजात जाऊन उभा राहिला. मी फासा टाकत होतो आणि आकडे मोठ्याने वाचत होतो. सात. बारा. पंधरा. चार. मुले प्रत्येक आकड्याला ओरडत होती. सहाव्या फेरीत अठरा पडले, त्याला लागले, आणि तो हसला. खविसांनी मागे फिरून भिंत चढायचा विचार केला तेव्हा तोच म्हणाला, “सर, हे आता वरून येणार. मला पळता येणार आहे का?” संकट त्याच्या अंगाला लागत नव्हते, म्हणून त्याला ते नाहीसे झाले असे वाटले नाही. आपल्यामागे उभ्या असलेल्या उघड्या माणसांपर्यंत त्या खविसांना पोहोचू कसे द्यायचे नाही, हा त्याचा प्रश्न झाला. मित्राची जांभयांची भीती मला तिथेच निकालात निघालेली दिसली. त्या मुलाने तासभर जांभई दिली नाही. मीच चहा प्यायचा विसरलो.

मागच्या शनिवारी मात्र नदी आली. पूर आलेला, तराफा मध्येच फुटलेला. तिरंदाज मुलगी आणि मांत्रिक पलीकडच्या काठावर, हा आणि चोर अलीकडे. पलीकडच्या बाभळींतून सहा खवीस बाहेर पडले. मुलाने भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिले. चिलखतासकट उडी टाकली तर काय होईल हे त्यावर लिहिलेले आहे. उतरवायचे तर पन्नास फेऱ्या. चोराने पट्टे सोडायला मदत केली तर पंचवीस. मुलीच्या जिवात तीन-चार फेऱ्यांचे बळ.

“ढाल टाकून देतो,” तो म्हणाला.

“टाकलीस.”

“ओंडका आहे का काठाला?”

तराफ्याचे तुकडे काठाला लागले आहेत, मी म्हणालो. त्याने चोराकडे पाहिले, चोराने दोर काढला. पलीकडे मुलीने फासा उचलून मुठीत धरला होता, पण टाकत नव्हती. मुलगा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी भराभर मांडत होता. मग त्याने विचारले, “सर, सगळं नाही काढलं, नुसते पायांचे आणि हातांचे पत्रे काढले, तर किती फेऱ्या?”

मी पुस्तक उघडले. पायांचे आणि हातांचे त्यात वेगळे दिलेले नव्हते. चौघेही माझ्याकडे पाहत होते.

“तुला किती वाटतात?” मी विचारले.